देवळाली ते ‘डूलाली’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराची कुळकथा

इंग्रजी शिकताना आपल्या मुलांची सर्वांत अधिक दमछाक कशाने होते, असे कोणाही अनुभवी शिक्षकाला विचारावे. लांबलचक, अवघड शब्दांचे नाव तो घेणार नाही. लांब शब्द पाठ करता येतो, शब्दकोशात सापडतो. मुलांना खरी छळतात ती ‘गो’, ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘पास’ यांसारखी इवलीशी क्रियापदे आणि त्यांच्यामागे शेपटासारखे लागणारे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’, ‘थ्रू’ हे शब्द. ‘गो’ म्हणजे जाणे हे मूल पहिल्याच वर्षी शिकते. पुढे ‘गो ऑफ’ समोर आले की ते गोंधळते. तोफ ‘गो ऑफ’ झाली म्हणजे उडाली, दूध ‘गो ऑफ’ झाले म्हणजे नासले, घड्याळाचा गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला आणि दिवा ‘गो ऑफ’ झाला म्हणजे विझला. एकाच जोडीचे चार अर्थ. त्यांत उडणेही आले आणि विझणेही आले! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी अशा जोड्या वहीत उतरवून घोकल्या. आजची मुले त्या मार्गदर्शिकांतून घोकतात.

घोकण्याला आमचा विरोध नाही. परंतु एवढे लक्षात ठेवले पाहिजे, की वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांत साठवलेला नसतो. तो ज्या माणसांनी वापरला त्यांच्या आयुष्यात असतो. ती माणसे कोण होती, कोठे राहत होती, कशाला भीत होती आणि कशाला हसत होती हे कळले, म्हणजे अर्थ कळतो. आणि असा कळलेला अर्थ सहसा विसरत नाही. याचे उदाहरण शोधण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. एका इंग्रजी वाक्प्रचाराचे जन्मगाव नाशिक शहराला अगदी लागून आहे. डोके फिरणे, भ्रमिष्टासारखे वागू लागणे, या अर्थी इंग्रज माणूस ‘टू गो डूलाली’ असे म्हणतो. त्यातील ‘डूलाली’ म्हणजे आपली देवळाली होय.

‘जाणे’ : इकडचे आणि तिकडचे

प्रथम व्याकरणाचा थोडा विचार करू. इंग्रजीत ‘गो’च्या पुढे विशेषण आले, की त्याचा अर्थ चालत जाणे असा राहत नाही, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे असा होतो. ‘गो ब्लाइंड’ म्हणजे आंधळे होणे, ‘गो डेफ’ म्हणजे बहिरे होणे, ‘गो सावर’ म्हणजे आंबणे, ‘गो मॅड’ म्हणजे वेडे होणे. या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हा प्रवास बहुतेक वेळा वाईटाकडेच होतो. आजारी माणूस बरा झाला तर इंग्रज ‘गो वेल’ म्हणत नाही, ‘गेट वेल’ म्हणतो. बरे होणे ही मिळवण्याची गोष्ट आणि बिघडणे ही जाण्याची.

हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या मराठीत वीज जाते, तोल जातो, भान जाते, भिंतीला तडा जातो, कष्ट वाया जातात. यांपैकी कोणीही पायांनी चालत कोठे जात नाही. ज्या घरांत उर्दू बोलली जाते तेथील मूलही ‘भूल जाना’, ‘बिगड़ जाना’ सहज बोलते. ‘दिल बैठ गया’ असे ऐकल्यावर ते हृदय कोणत्या खुर्चीवर बसले असे विचारत नाही. मराठीत आवाज बसतो, धक्का बसतो, मार बसतो, विश्वासही बसतो. आणि कोणत्याही मराठी आईने या ‘बसण्यां’ची यादी करून मुलाकडून ती पाठ करून घेतलेली नाही. मुलाने ती घरात, अंगणात, भांडणात आणि लाडात ऐकली. म्हणजे ज्या गोष्टीला आपण इंग्रजीचे कोडे समजतो ते कोडे आपण स्वतःच्या भाषेत शाळेत जाण्यापूर्वीच सोडवलेले असते.

‘गो डूलाली’ ही रचना ‘गो मॅड’च्या साच्यातली आहे. फरक इतकाच, की मॅड हा गुण आहे आणि डूलाली हे गाव आहे. ‘देवळालीला गेला’ यातला ‘ला’ गळून पडला आणि गावाचे नाव एका अवस्थेचे नाव झाले. गावाच्या नावाला हे कसे घडावे? त्यासाठी १९ व्या शतकातल्या देवळालीच्या बराकींत डोकावले पाहिजे.

जहाजाची वाट पाहणारी छावणी

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेची संख्या वाढवली. पुढील काळात साधारणपणे ६० ते ७० हजार गोरे शिपाई या देशात असत. दरवर्षी त्यांतील काही हजार मुदत भरून परत जात आणि तितकेच नवे येत. ही सारी ये-जा मुख्यतः मुंबई बंदरातून चाले. मुंबईची दमट हवा, पटकीची भीती आणि जागेची टंचाई यांमुळे एवढ्या माणसांना बंदरावर ठेवून घेणे सोयीचे नव्हते. मुंबईपासून फार दूर नाही, पण घाटावरच्या कोरड्या हवेत आहे आणि लोहमार्गावर आहे, अशी जागा हवी होती.

अशी जागा देवळालीला मिळाली. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि थळ घाटाचा अवघड मार्ग १८६५ साली खुला झाला. मुंबईहून निघालेली गाडी आता थेट घाट चढून नाशिककडे येऊ लागली. १८६० च्या दशकात देवळालीला बराकी उभ्या राहिल्या. विलायतेहून आलेल्या तुकड्या प्रथम येथे उतरत आणि येथून देशभरच्या छावण्यांत विखुरत. परत जाणारे शिपाई देशभरातून येथे गोळा होत आणि येथून बंदराकडे जात. १८८३ साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १६ वा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. त्यातही देवळालीची ओळख फौजांच्या ये-जा करण्याचे ठाणे अशीच दिली आहे.

फौजांची ने-आण करण्यासाठी सरकारने पाच खास जहाजे बांधली होती. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस ही त्यांची नावे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर प्रवास जवळचा झाला. परंतु ही जहाजे बारमाही चालत नसत. पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र आणि उन्हाळ्यातला तांबड्या समुद्राचा असह्य उष्मा टाळून साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम असे. दुखण्याचे मूळ येथेच होते. ज्याची नोकरी नोव्हेंबरात संपली तो नशीबवान. त्याला लवकर जहाज मिळे. ज्याचे कागद हंगामाचे शेवटचे जहाज सुटल्यावर तयार झाले, त्याला पुढल्या हंगामापर्यंत थांबावे लागे.

या शिपायाची अवस्था कशी असेल, याचा विचार करावा. १८७० च्या कायद्याने ब्रिटिश सैन्यातील नोकरीचे नियम बदलून अल्पमुदतीची भरती सुरू झाली होती, तरी हिंदुस्थानातील वर्षे लांबच वाटत. घर सोडून पाच-सात वर्षे झालेली. आपली पलटण, आपले सोबती मागे राहिलेले. घरी पत्र गेलेले, की मी निघालो. आणि आता देवळालीच्या माळावर रोज सकाळी उठायचे आणि काही करायचे नाही. लढाई नाही, मोहीम नाही, कवायतीत राम नाही. उन्हाळा चढत जाई. हातात साठलेला पगार असे आणि तो उडवण्याची साधनेही छावणीच्या आसपास असत. कोणी दारूच्या आहारी जाई, कोणी मारामारीत सापडे, कोणी नियम मोडून तुरुंगात जाई आणि घरी जाण्याचा दिवस स्वतःच लांबवी. त्यात हिवतापाची भर. हिवताप डासामुळे पसरतो हे सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत दाखवून दिले. तोपर्यंत तापाचा दोष हवेला दिला जाई.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा वेल्श शिपाई २० व्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात नोकरीला होता. पुढे १९३६ साली त्याने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या नावाने आपल्या आठवणी छापल्या. देवळालीच्या छावणीत मुदत भरलेले शिपाई जहाजाची वाट पाहत कसे कंटाळून जात व त्यांच्या वागण्यात कसा विक्षिप्तपणा येई, हे त्याने लिहिले आहे, आणि वाक्प्रचाराचा उगमही याच कंटाळ्यात असावा असे त्याचे मत आहे. तो सेनापती नव्हता, भाषापंडितही नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी होता त्यांच्यातलाच तो एक होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परत जाणाऱ्यांत धडधाकट माणसेच नसत. उत्तरेकडच्या, दक्षिणेकडच्या छावण्यांत आजारी पडलेले शिपाईही याच वाटेने मायदेशी जात, आणि त्यांत मनाने आजारी असलेलेही असत. विलायतेत नेटली येथील लष्करी इस्पितळात अशा मनोरुग्णांसाठी १८७० पासून स्वतंत्र विभाग होता. आजार कोठे कोठे जडलेला, पण तो शेवटचा दिसला देवळालीला. त्यामुळे नाव देवळालीचे झाले. वास्तविक देवळालीची हवा इतकी चांगली मानली जाई, की पुढे तेथे क्षयरोग्यांसाठी आणि हवापालटासाठी येणाऱ्यांसाठी आरोग्यधामे निघाली. मुंबईची माणसे बरी होण्यासाठी ज्या गावी येत, त्याच गावाचे नाव इंग्रजीत आजाराचे नाव होऊन बसले.

‘तप’ आणि ‘ताप’

आरंभीचा पूर्ण वाक्प्रचार ‘डूलाली टॅप’ असा होता. अमक्याला ‘डूलाली टॅप’ झाला आहे, असे शिपाई म्हणत. हा ‘टॅप’ काय आहे? पुढील काळच्या इंग्रजांना वाटले, की डोक्यावर टकटक केल्याचा हा आवाज असावा, कारण इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे हलकी थाप. प्रत्यक्षात हा शब्द इंग्रजी नाहीच. फारसी-उर्दूत ‘तप’ म्हणजे ताप. क्षयरोगाला उर्दूत ‘तप-ए-दिक़’ म्हणतात आणि त्याचेच रूप ‘तपेदिक’ असे हिंदीतही रूढ आहे. संस्कृतातला व मराठीतला ‘ताप’ हा याच कुळातला. इराणी आणि भारतीय भाषा दूरच्या बहिणी आहेत, म्हणून हे शब्द इतके जवळचे दिसतात. तेव्हा ‘डूलाली टॅप’ म्हणजे शुद्ध मराठीत ‘देवळालीचा ताप’.

यात योगायोगाची मौज अशी, की मराठीतही ताप केवळ अंगाला येत नाही. त्रासदायक माणसाला किंवा कामाला आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो. शिपायाच्या डोक्यातला ताप आणि आपल्या बोलण्यातला डोक्याला होणारा ताप एकमेकांपासून फार दूर नाहीत. नाशिकच्या ज्या मुलाच्या कानावर घरी उर्दू आणि बाहेर मराठी पडते, त्याला ‘डूलाली टॅप’चे दोन्ही शब्द इंग्रज मुलापेक्षा अधिक चांगले समजतील. त्यातील एक त्याच्या तालुक्यातले गाव आहे आणि दुसरा त्याच्या घरातला शब्द आहे.

बराकीतली टाकसाळ

असे शब्द पाडणारी टाकसाळ म्हणजे गोऱ्या शिपायाची बराक. अधिकाऱ्यांसाठी मुन्शी असत. त्यांच्याकडून हिंदुस्थानी शिकून साहेबलोक परीक्षा देत. साध्या शिपायाला असा मुन्शी मिळत नसे. त्याचे गुरू म्हणजे भिस्ती, धोबी, खानसामा, न्हावी आणि फेरीवाला. त्यांच्याकडून कानाला जसे पडेल तसे तो उचली आणि आपल्या जिभेला पेलेल तसे वाकवी. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले. अरबी ‘विलायत’पासून निघालेला हा शब्द इंग्रज शिपायाच्या तोंडी मायदेशाचे लाडके नाव बनला, आणि पहिल्या महायुद्धात तर ज्या जखमेमुळे घरी जायला मिळे त्या जखमेलाही ‘ब्लायटी’ म्हणू लागले. ‘ख़ुश’पासून ‘कुशी’ आला, म्हणजे आरामाचे काम. ‘देखो’चा ‘डेको’ झाला. फारसी ‘ख़ाक’ म्हणजे धूळ. तिच्या रंगाची ती ‘खाकी’. खुद्द ‘भिस्ती’ हा शब्द फारसी ‘बिहिश्त’, म्हणजे स्वर्ग, यापासून आलेला आहे. तहानलेल्याला पाणी पाजणारा माणूस स्वर्गीय, अशी त्यामागची कल्पना. इंग्रजांनी त्याचेही ‘भीस्टी’ करून शब्दकोशात घातले.

या मिश्र शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध कोश यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. वरवर पाहता दोन इंग्रज आडनावे वाटतात. मूळ मात्र वेगळे आहे. मोहरमच्या दिवसांत ‘या हसन! या हुसेन!’ असा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ऐकला. त्यामागचे करबलाचे दुःख त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी त्या ध्वनीचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले आणि मोहरमच्या मिरवणुकीला ते नाव दिले.

आमच्या मते ‘हॉब्सन-जॉब्सन’ आणि ‘डूलाली’ हे शब्द एकाच घरातले आहेत. दोन्हींच्या मुळाशी माणसाचे खरे दुःख आहे, आणि दोन्हींत ते दुःख न समजल्यामुळे त्याची गंमत झाली आहे. पहिल्यात दुःख दुसऱ्याचे होते. दुसऱ्यात ते शिपायांचे स्वतःचेच होते. आपल्याच सोबत्याच्या आजाराला हसून शिपाई आपली भीती झाकत होता, कारण उद्या तोच ताप आपल्यालाही चढेल हे त्याला कळत होते.

नावे बदलण्याचा अनुभव नाशिकला नवा नाही. मुसलमानी अमदानीत या शहराचे नाव ‘गुलशनाबाद’ होते. पेशवाईत पुन्हा नाशिक झाले. गुलशनाबाद हे नाव मात्र कोणीतरी विचारपूर्वक, कौतुकाने दिले होते. ‘डूलाली’ कोणी दिले नाही. ते तोंडातून निसटले आणि टिकले.

बराकीतून बैठकीत

बोलीतला शब्द कागदावर येण्यापूर्वी अनेक वर्षे माणसांच्या तोंडी फिरत असतो. पहिल्या महायुद्धात जुन्या हिंदुस्थानी पलटणींतील शिपाई आणि नव्याने भरती झालेले गिरणीकामगार, कारकून, शेतकरी फ्रान्सच्या खंदकांत एकत्र आले. जुन्यांची भाषा नव्यांनी उचलली. युद्ध संपल्यावर फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ साली सैनिकांच्या व खलाशांच्या शब्दांचा कोश काढला, त्यात ‘डूलाली टॅप’ नोंदला गेला. ज्यांनी देवळाली कधी पाहिली नव्हती अशा लोकांनी तो शब्द घरी नेला. हळूहळू ‘टॅप’ गळला, नुसता ‘डूलाली’ राहिला, आणि तो ‘गो’च्या पाठीशी जाऊन बसला.

याच महायुद्धात देवळालीला मोठी लष्करी इस्पितळे होती आणि मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील जखमी व आजारी सैनिक तेथे येत. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ या विकाराबद्दल लिहिले. रणांगणावरून आलेला सैनिक थरथरतो, त्याची वाचा जाते, तो भ्रमिष्टासारखा वागतो, तो भित्रा म्हणून नव्हे, तर मनाला जखम झाली म्हणून, हा विचार तेव्हापासून डॉक्टरांत रुजू लागला. बराकीतला शब्द ज्या दुःखाला हसत होता, त्या दुःखाला वैद्यकशास्त्राने नाव देण्यास आरंभ केला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच. परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचे मोठे केंद्र देवळालीलाच होते. युद्ध संपले, पण जहाजे अपुरी पडली. मायदेशी पाठवण्यास होणाऱ्या दिरंगाईला कंटाळून जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिश विमानदलातील सैनिकांनी कराचीत काम बंद केले आणि ते लोण इतर तळांवर पसरले. ८० वर्षांपूर्वी बराकीतल्या एकट्या-दुकट्याला जो ताप चढत होता, तो आता हजारोंना चढला. या काळातील देवळालीवर पुढे बीबीसीने एक विनोदी दूरदर्शन मालिका काढली. १९७४ ते १९८१ या काळात ती चालली. तिचे एक लेखक जिमी पेरी हे स्वतः देवळालीत नोकरीला होते. हिंदी माणसांचे चित्रण तीत ज्या पद्धतीने केले, त्यावर पुढे बरीच टीका झाली.

आज कसा वापरावा

आजच्या ब्रिटनमध्ये ‘गो डूलाली’ हा घरगुती, हलक्याफुलक्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. आजोबा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधू लागले, तर ते ‘डूलाली’ झाले असे नातवंडे म्हणतील. संगणक भलतेच काही दाखवू लागला तर तोही ‘डूलाली’ जातो. फुटबॉलचा सामना जिंकल्यावर गाव ‘डूलाली’ जाते. अमेरिकेत मात्र हा शब्द फारसा चालत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात, वृत्तांतात तो लिहू नये. आणि खरोखर मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाबद्दल तर तो कधीही उच्चारू नये. आपल्याकडील वेडे, येडे, चक्रम या शब्दांचेही तेच आहे. हसत-खेळत मित्राला म्हटलेला शब्द आजारी माणसाला लागतो. भारतात १९१२ चा कायदा अशा माणसाला वेडा ठरवून कोंडण्याचा विचार प्रथम करी. १९८७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क मानला. कायदा बदलला. आता बोलणे बदलले पाहिजे.

उलट दिशेने आलेला वाक्प्रचार

देवळालीचा शब्द लंडनला गेला, तसा लष्कराचा एक शब्द नाशिकच्या महाविद्यालयांत येऊन राहिला आहे. तो म्हणजे ‘पास आउट’. ‘मी अमुक साली पास आउट झालो’ असे आपले पदवीधर सर्रास म्हणतात. याचे मूळ संचलनात आहे. शिक्षण पुरे केलेली तुकडी शेवटचे संचलन करीत मैदानातून बाहेर पडते, म्हणून ते ‘पासिंग आउट परेड’. नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे. अशी संचलने येथे नेहमी होतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. तेथे हा शब्द अगदी योग्य आहे.

परंतु शाळा-महाविद्यालयांच्या बाबतीत हा वापर मुख्यतः आपल्या उपखंडातला आहे. इंग्लंड-अमेरिकेत ‘पास आउट’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ येतो तो शुद्ध हरपण्याचा. नोकरीच्या मुलाखतीत एखादा तरुण अभिमानाने ‘आय पास्ड आउट’ म्हणाला, तर परदेशी साहेब मनात म्हणेल, बिचाऱ्याला भोवळ आली होती वाटते! तेथे ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरावे. याचा अर्थ आपला वापर अडाणीपणाचा आहे असा नव्हे. शब्द जेथे राहतो तेथले पाणी पितो. आपल्याकडे सर्वांना तो समजतो, तेव्हा आपसात तो चालेल. कोणापुढे कोणता अर्थ पोहोचेल याचे भान ठेवणे, यालाच भाषा येणे म्हणतात.

वाट पाहणाऱ्यांची गोष्ट

मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८७५ साली सर सय्यद अहमदखान यांनी अलिगढला मदरसा काढला. इंग्रजी शिकले तर धर्म जाईल, अशी धास्ती बाळगणाऱ्या समाजाला त्यांनी समजावले, की भाषा कोणा एकाची मिरास नाही. त्यांचे म्हणणे किती खरे होते याचा पुरावा देवळालीच्या एका शब्दात आहे. ज्या भाषेला आपण परकी मानून भितो, तिच्या शब्दकोशात आपले गाव आहे, आपला ताप आहे, आपला भिस्ती आहे. आपल्या पूर्वजांनी ही भाषा केवळ सोसली नाही. पाणी वाहता वाहता, कपडे धुता धुता त्यांनी तीत भर घातली. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी तिच्याशी ताठ मानेने बोलावे.

पण या कुळकथेत याहूनही मोठा धडा आहे असे आम्हाला वाटते. देवळालीच्या शिपायाला ना गोळी लागली होती, ना त्याची उपासमार होत होती. त्याला काम नव्हते, आणि आपली पाळी कधी येणार हे कोणी सांगत नव्हते. एवढ्यावर धट्टीकट्टी माणसे ढासळली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीही याच देवळालीच्या बराकींत आसरा घेतला. त्यांचा देश मागे सुटला होता आणि पुढे काय हे ठाऊक नव्हते. तेही वाट पाहत होते; त्यांच्या वाट पाहण्याचा मात्र कोणत्याही भाषेत वाक्प्रचार झाला नाही.

आज आपल्या वस्त्यांत निकालाची, प्रवेशाची, भरतीच्या जाहिरातीची, मुलाखतीच्या पत्राची वाट पाहत बसलेले तरुण आहेत. घरचे म्हणतात, बसून बसून याचे डोके फिरले आहे. हे वाक्य गंमतीने घेऊ नये. ते दीडशे वर्षांपूर्वी देवळालीच्या माळावर खरे ठरलेले आहे. शिक्षणसंस्थेचे काम मुलगा पदवी घेऊन दारातून बाहेर पडला की संपत नाही. दोन जहाजांच्या मधल्या काळात त्याच्या हाताला काही काम, मनाला काही अभ्यास आणि बोलायला कोणी वडीलधारे माणूस मिळेल, अशी व्यवस्था करणे हेही शिक्षणच आहे. वाचनालयाची खोली संध्याकाळी उघडी ठेवणे, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे, एखादा हुन्नर शिकवणारा वर्ग चालवणे, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. तापावर औषध असते. देवळालीच्या तापावर ते छावणीत कोणी दिले नाही. आपल्याला ते माहीत आहे आणि देताही येईल.